धरणाचं दार कोणी उचलायचं?

माजलगाव धरणाच्या कालव्यावर ज्यांची शेतं आहेत, त्यांना 'दारं धरणं' म्हणजे काय हे सांगायला नको. पाटाला पाणी आलं की फावडं घेऊन सरीच्या तोंडाशी उभं राहायचं. एक वाफा भरला की माती टाकून त्याचं दार बंद करायचं आणि पुढच्याचं फोडायचं. रात्रीची पाळी असली तर बॅटरी घेऊन जायचं. आठवी-नववीतली मुलंमुलीही हे काम करतात. चुकलंच, तर एखादा वाफा तुंबतो, बांध फुटतो आणि घरी गेल्यावर बोलणी बसतात. पण नुकसान होतं ते आपल्याच शेताचं.

त्याच धरणाला दुसरीही दारं आहेत. लोखंडाची, अजस्र. सिंदफणेला पूर आला आणि धरण काठोकाठ भरलं की ती उचलतात. ती कोणी उचलायची? वाटेने जाणाऱ्या कुणीही यावं आणि बटण दाबावं, असं चालत नाही. आधी अभियंत्यांचा आदेश लागतो, खालच्या गावांना सावध करावं लागतं, किती वाजता किती पाणी सोडलं ते लिहून ठेवावं लागतं. कारण ते पाणी एकाच्या बांधाशी थांबणारं नसतं. मंजरथजवळ गोदावरीला मिळेपर्यंत वाटेत जो जो येईल, त्याच्या दारात ते जातं.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटरच्या पानावर हे पाटपाणी कुठून आलं? सांगतो.

तुम्ही शाळेतल्या किंवा घरातल्या कॉम्प्युटरवर एखादी नवी गोष्ट बसवायला जाता. दोनदा क्लिक करता. आणि अचानक सगळा पडदा काळवंडतो, मधोमध एक चौकट उभी राहते आणि इंग्रजीत विचारते : या प्रोग्रॅमला तुमच्या यंत्रात बदल करू द्यायचे का? खाली दोन बटणं. होय आणि नाही. आता खरं सांगा, तुम्ही ती चौकट कधी पूर्ण वाचली आहे? बहुतेक जण डोळे मिटून 'होय' दाबतात आणि पुढे जातात. चौकट नको तेव्हा मध्ये येते, म्हणून तिचा रागही येतो.

ती चौकट म्हणजे धरणाचं दार आहे. आतापर्यंत तुम्ही वाफ्यात पाणी फिरवत होता. 'होय' दाबलंत की मोठं दार उचललं गेलं!

शून्य नंबरचा माणूस

ही भानगड समजून घ्यायला पन्नासेक वर्षं मागे जावं लागेल. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये 'युनिक्स' नावाची कार्यप्रणाली जन्माला आली. कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, हा कॉम्प्युटरचा मुख्य कारभारी. त्या काळी कॉम्प्युटर एक आणि वापरणारे अनेक. मग कुणाची फाइल कुणी वाचायची, कुणी पुसायची, यावरून गोंधळ होणारच. म्हणून युनिक्सने प्रत्येकाला एक नंबर दिला. तुम्ही जो प्रोग्रॅम सुरू कराल, त्याच्या पाठीवर तुमचा नंबर चिकटतो. तो प्रोग्रॅम एखादी फाइल उघडायला गेला की कारभारी दोन गोष्टी ताडून पाहतो. फाइल कुणाची, आणि आलेल्याचा नंबर कोणता?

यात एक नंबर मात्र वेगळा आहे. शून्य. या शून्य नंबरवाल्याचं नाव 'रूट', म्हणजे मूळ. त्याने कुणाचीही फाइल उघडावी, कुणालाही बाहेर काढावं, सगळी कार्यप्रणालीच पुसून टाकावी. कारभारी त्याला अडवत नाही. 'नक्की का?' असंही बहुतेक वेळा विचारत नाही. गणितात ज्या शून्याला एकट्याने काही किंमत नाही, तो इथे सर्वांत मोठा!

एवढा अधिकार हातात असला आणि बोट चुकलं तर काय होतं, याची गोष्ट तुमच्या ओळखीच्या सिनेमाची आहे. 'टॉय स्टोरी २' हा सिनेमा पिक्सार कंपनीत तयार होत होता, तेव्हा १९९८ मध्ये कुणीतरी फायली पुसण्याची आज्ञा नको त्या जागी दिली. पडद्यावर पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत वूडीची टोपी नाहीशी झाली, मग बूट, मग वूडीच. धावत जाऊन यंत्राची वायर उपटली, तोवर सिनेमाचा बराचसा भाग गेला होता. राखून ठेवलेल्या प्रतीही नीट निघाल्या नाहीत. वाचवलं कुणी? गेलिन सुसमन नावाच्या तिथल्याच एक बाई. बाळ लहान असल्याने त्या घरून काम करत, म्हणून त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमाची एक प्रत होती. तो कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून, अगदी जपून ऑफिसात आणला.

पण रूट नसला तरी चालत नाही, ही खरी अडचण आहे. साधं उदाहरण घ्या. तुम्हाला तुमचा पासवर्ड बदलायचा आहे. सगळ्यांचे पासवर्ड एका वहीत, आणि त्या वहीत लिहिण्याची मुभा फक्त रूटला. मग दरवेळी रूटसाहेबांना हाक मारायची का? डेनिस रिची या युनिक्सच्या एका जनकाने यावर तोड काढली. त्याने असा प्रोग्रॅम करता येईल अशी सोय केली, जो सुरू कराल तुम्ही, पण चालेल तो मालकाच्या अधिकाराने. आणि तेही ठरलेल्या एकाच कामापुरता. त्याला वहीत तुमचीच ओळ बदलता येते, शेजाऱ्याची नाही. १९७३ मध्ये या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९७९ मध्ये ते मिळालं. या एका युक्तीवर पुढचा सगळा खेळ उभा आहे.

शिक्का टेबलावर ठेवायचा नाही

बाकीच्या मोठ्या कामांसाठी त्या काळी काय करत? रूटचा पासवर्ड चार-पाच जणांना सांगून ठेवत. म्हणजे कचेरीचा शिक्का उघडा टेबलावर! काही बिघडलं की 'मी नाही, मी नाही'. कारण वहीत नाव एकच : रूट.

१९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलो इथल्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी यावर एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव 'सुडू'. इंग्रजीत चार अक्षरं : एस, यू, डी, ओ. कुठल्याही आज्ञेच्या आधी हा शब्द लिहायचा, म्हणजे तेवढी एकच आज्ञा रूटच्या अधिकाराने चालते. पुढची आज्ञा पुन्हा तुमच्या साध्या नंबरने. तो पासवर्ड विचारतो तो रूटचा नव्हे, तुमचा स्वतःचा. कुणाला कोणत्या आज्ञेची मुभा आहे, याची एक यादी असते. आणि प्रत्येक वेळी कोणी, किती वाजता, काय केलं हे नोंदवहीत उतरतं. मला विचाराल तर सुडूचा खरा मोठेपणा या नोंदवहीत आहे. अधिकार देणारी साधनं पुष्कळ असतात. हिशेब ठेवणारी थोडी.

पहिल्यांदा सुडू वापरणाऱ्याला तो चक्क तीन वाक्यांचं भाषण देतो : दुसऱ्याच्या खासगी गोष्टींचा मान राखा, लिहिण्याआधी विचार करा, मोठ्या अधिकाराबरोबर मोठी जबाबदारी येते. अगदी हेडमास्तरांसारखं! आणि यादीत नाव नसलेल्या कुणी तो वापरून पाहिला, तर अनेक वर्षं पडद्यावर उत्तर येत असे की तुमचं नाव यादीत नाही, या प्रकाराची वर्दी दिली जाईल. ते वाचून कित्येक कॉलेजकुमारांच्या पोटात गोळा आला असेल. टॉड मिलर नावाचे गृहस्थ १९९४ पासून हा प्रोग्रॅम सांभाळत आले आहेत, तीस वर्षांहून जास्त काळ.

आपल्याकडच्या मोठ्या माणसांना ही पद्धत नवी वाटणार नाही. कुणी शेत विकत घेतलं की सातबाऱ्यावर नाव लागायला हवं. त्यासाठी फेरफाराची नोंद तलाठी घेतात. पण घेतली नोंद आणि झालं काम, असं नसतं. संबंधितांना नोटीस जाते, हरकत घ्यायला मुदत असते आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद मंजूर करतात किंवा नामंजूर करतात. हे काम आता कॉम्प्युटरवर चालत असलं, तरी घडी तीच आहे. नोंद घेणारा एक, मंजूर करणारा दुसरा, आणि कोणी काय केलं ते कागदावर. आजी-आजोबांना विचारा, कामाला वेळ लागतो म्हणून ते कुरकुर करतील, पण ही पद्धत नसती तर आपलं शेत आपल्या नावावर राहिलं असतं का, हेही तेच सांगतील.

सगळेच मालक

आता आपल्या ओळखीच्या विंडोजकडे येऊ. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला २००१ मध्ये, आणि विंडोज एक्सपी बाजारात आलं तेही त्याच वर्षी. बीड, अंबाजोगाई, परळीपासून गावोगावी माउस धरायला शिकलेली एक अख्खी पिढी या दोघांच्या जोडीने तयार झाली. तुमच्यापैकी कित्येकांचे आईबाबा त्यातलेच. पण एक्सपीची एक खोड होती. कॉम्प्युटरवर खातं उघडलं की ते बहुधा 'ॲडमिनिस्ट्रेटर'चंच असे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे विंडोजमधला शून्य नंबरवाला. घरातला प्रत्येक जण, अगदी तासाला पैसे मोजून बसलेलं सायबर कॅफेतलं गिऱ्हाईकसुद्धा, धरणाच्या दाराचं बटण हातात घेऊन बसलेलं! मग पेनड्राइव्ह लावला की व्हायरस शिरायचा आणि थेट गाभ्यात जाऊन बसायचा. तो कुणाच्या नावाने आला? तुमच्या. आणि तुम्ही कोण? मालक. कारभारी कशाला अडवेल?

मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये 'व्हिस्टा'बरोबर ती विचारणारी चौकट आणली. लोक वैतागले, कारण ती उठसूट यायची. पुढच्या आवृत्त्यांत ती जरा शहाणी झाली. आज तिचं काम असं चालतं. तुम्ही मालक म्हणून आत आलात तरी विंडोज तुमच्यासाठी दोन ओळखचिठ्ठ्या करतं, एक साधी आणि एक मोठी. रोजची कामं साध्या चिठ्ठीवर चालतात. मोठी चिठ्ठी आत कपाटात असते. 'होय' दाबलं की ती फक्त त्या एका प्रोग्रॅमला मिळते. आणि पडदा काळवंडतो तो दिखाव्यासाठी नाही बरं का! त्या वेळी ती चौकट जणू वेगळ्या, बंद खोलीत उभी असते. बाकीच्या प्रोग्रॅमना त्या खोलीत शिरून स्वतःच 'होय' दाबता येत नाही. तिथे माणसाचाच हात लागतो.

म्हणजे उरला फक्त तुमचा हात.

कधी 'होय' म्हणणं अगदी योग्य असतं. शाळेच्या हस्तलिखितासाठी छानसा मराठी फाँट हवा आहे. पूर्वी विंडोजवर फाँट बसवायचा तर ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागायचीच, कारण सगळे फाँट सर्वांच्या सामायिक कपाटात जात. एवढंसं काम आणि त्यासाठी सगळ्या घराची किल्ली! २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीत ही गोष्ट सुधारली. आता फाँट आपल्यापुरता बसवता येतो आणि सर्वांसाठी बसवायचा असेल तरच मोठी परवानगी लागते. अमेरिकेत एमआयटी या संस्थेतल्या जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं होतं की प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा. तेवढं फाँटपर्यंत पोचायला त्रेचाळीस वर्षं लागली!

न्हावा शेव्याला काय झालं?

ही मोठी परवानगी चोराच्या हाती लागली की काय होतं, ते महाराष्ट्राने एकदा जवळून पाहिलं आहे. रायगड जिल्ह्यात उरणजवळ न्हावा शेवा इथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. आपल्याकडची द्राक्षं, कांदे असा पुष्कळ माल मोठ्या लोखंडी पेट्यांतून इथूनच परदेशी जातो. तिथला एक धक्का डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडून चालवला जातो. कोणती पेटी कुठे ठेवायची, कोणत्या जहाजावर चढवायची, हे सगळं कॉम्प्युटर सांगतो.

२७ जून २०१७ रोजी मर्स्कच्या जगभरच्या कॉम्प्युटरांचे पडदे काळे पडू लागले. न्हावा शेव्याचा तो धक्काही ठप्प झाला. क्रेन धडधाकट, माणसं हजर, समुद्र शांत. पण पेटी कुठली आणि कुणाची, हे सांगणारं कोणी नाही. जिथे जमेल तिथे हाताने लिहून काम करावं लागलं.

सुरुवात झाली होती हजारो किलोमीटर दूर, युक्रेनमध्ये. तिथल्या व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या एका लोकप्रिय प्रोग्रॅममध्ये चोरांनी विषारी भाग मिसळला होता. तो नेहमीच्या सुधारणेबरोबर, म्हणजे अपडेटबरोबर, निमूट पसरला. मर्स्कच्या ओडेसा इथल्या ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर तो प्रोग्रॅम होता. एका. पुढे अभ्यासकांनी या विषाला 'नॉटपेट्या' नाव दिलं.

आता लक्ष देऊन वाचा, कारण आपल्या विषयाचा गाभा इथे आहे. विंडोजमधल्या एका जुन्या भोकातून नॉटपेट्या शिरू शकत होता, पण ते भोक बुजवणारी सुधारणा मार्च २०१७ मध्येच आली होती. मग ती सुधारणा बसवलेले कॉम्प्युटरही का पडले? कारण नॉटपेट्याकडे दुसरी युक्ती होती. एखाद्या कॉम्प्युटरवर शिरला की तो त्याच्या स्मरणात चाचपून पाही : इथे कधी ॲडमिनिस्ट्रेटर येऊन गेला आहे का? त्याची किल्ली इथे राहिली आहे का? सापडली की तीच किल्ली घेऊन शेजारच्या यंत्राचं दार रीतसर उघडायचं, विंडोज सांभाळणाऱ्यांच्याच रोजच्या अवजारांनी. दार फोडायची गरजच नाही. आणि मोठा अधिकार मिळाला की तो डिस्कची अगदी पहिली पानं, ज्यांच्यावाचून कॉम्प्युटर सुरूच होऊ शकत नाही, तीच बदलून टाकी. पडद्यावर तीनशे डॉलरची खंडणी मागितली जाई. ती भरूनही काही परत मिळण्याची सोय नव्हती. साध्या खात्यात अडकला असता, तर त्याला त्या माणसाच्या फायली नासवता आल्या असत्या, पण यंत्राच्या मुळाशी हात घालता आला नसता.

मर्स्कला पंचेचाळीस हजार कॉम्प्युटर आणि चार हजार सर्व्हर दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. पंचवीस ते तीस कोटी डॉलरचा फटका बसला. आणि त्यातही एक अडचण अशी आली की हसावं की रडावं कळू नये. कंपनीतल्या सगळ्यांची नावं आणि कुणाला काय अधिकार, याची मुख्य वही जगभर दीडशेच्या आसपास यंत्रांवर होती. एक गेलं तर दुसरं आहे, असा हिशेब. पण सगळी एकदम गेली! शोधता शोधता एक सापडलं, आफ्रिकेत, घाना देशात. ते का वाचलं? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून ते बंद होतं! बीड जिल्ह्यात भारनियमनाला कुणी कधी दुवा दिला नसेल. पण त्या दिवशी मर्स्कच्या माणसांनी नक्की दिला असणार. वही तारेवरून पाठवायची तर घानाची लाइन फार संथ. माणसाबरोबर पाठवावी तर तिथल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी एक जण डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर त्याने ती दुसऱ्याच्या हातात दिली, आणि तो लंडनला निघाला. अगदी रिले शर्यतीसारखं.

हल्ला कोणी केला? २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी रशियाच्या लष्कराकडे बोट दाखवलं. भांडण दोन देशांचं, आणि खोळंबा आपल्या उरणला.

राखणदाराचंच कुलूप

मग सुडूसारखा राखणदार असला की झोपावं का निवांत? तेही नाही. २६ जानेवारी २०२१ ला, आपल्याकडे प्रजासत्ताक दिनाची सुट्टी होती त्या दिवशी, क्वालिस नावाच्या कंपनीने जाहीर केलं की खुद्द सुडूमध्येच एक भोक आहे. क्वालिस अमेरिकेची, पण तिचं मोठं काम पुण्यातून चालतं; त्या वर्षी तिची सूत्रं हाती घेणारे सुमेध ठकार हे पुणे विद्यापीठातून इंजिनिअर झालेले. भोक कसलं? सुडूला दिलेल्या मजकुराच्या शेवटी एक उलटी तिरकी रेघ ठेवली की त्याची मोजणी चुकायची, मजकूर ठरल्या जागेबाहेर सांडायचा, आणि त्या सांडण्याचा फायदा घेऊन यादीत नाव नसलेला कुणीही रूट होऊन बसू शकायचा. हे भोक जुलै २०११ पासून तिथे होतं. साडेनऊ वर्षं! जगातल्या असंख्य यंत्रांवर, रोज वापरात, आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सुधारणा त्याच दिवशी निघाली. वर्षभराने याच कंपनीने लिनक्समधल्या सुडूच्या एका चुलतभावातही असंच भोक दाखवलं. ते तर २००९ पासूनचं होतं.

'अपडेट करा' अशी आठवण कॉम्प्युटर सारखी का देतो, हे आता कळलं असेल.

तुमच्या घरी

पालकांनो, हे तुमच्यासाठी. घरात किंवा दुकानात एकच कॉम्प्युटर असेल, तर त्यावर ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं एकच ठेवा आणि तेही रोजच्या वापराचं नसू द्या. मुलांना आणि स्वतःलाही साधं खातं करा. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स या भागात ते पाच मिनिटांत होतं. मग ती चौकट आली की नुसतं 'होय' दाबून भागत नाही, मोठ्या खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो. तेवढ्या वेळात माणूस वाचतो. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी तर हे करावंच, कारण त्यांच्या यंत्रावर अख्ख्या गावाची आधार कार्डं आणि दाखले असतात.

आणि मुलांनो, चौकट आली की आधी एकच प्रश्न विचारा : हे मी सुरू केलं का? आपण काही न करता चौकट उगवली असेल, तर उत्तर 'नाही'. स्वतः सुरू केलं असेल, तर प्रोग्रॅमचं नाव आणि तो कुणी केला ते वाचा. विंडोज १० आणि ११ वर कर्त्याची ओळख पटलेली नसेल तर चौकटीचा रंग पिवळा असतो. खरी मेख फुकटात मिळणाऱ्या चोरट्या गेममध्ये असते. त्याच्याबरोबर एक सूचना येते : आधी अँटिव्हायरस बंद करा, मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. म्हणजे कुत्रं बांधा, दार उघडा आणि आम्हाला आत घ्या! फोनवर 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड आहे, मी सांगतो ते दाबा' असं कुणी अनोळखी माणूस म्हणाला, तरी तोच प्रकार. फसवणूक झालीच तर १९३० हा सरकारी मदतीचा क्रमांक आहे. तिथे लगेच फोन करायला आईबाबांना सांगा.

साध्या खात्याने सगळं सुरक्षित होतं असं मात्र समजू नका. तुमचा प्रकल्प, ताईच्या लग्नाचे फोटो, हे सगळं तुमच्याच खात्यात असतं, आणि तुम्ही चालवलेल्या कोणत्याही प्रोग्रॅमला ते पुसायला रूट व्हावं लागत नाही. वाफा तुमचा आहे, त्याचं दार तुमच्याच हातात आहे. फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क कपाटात ठेवा. जोडलेली नको, घानाचं यंत्र आठवा.

शेवटी एक प्रयोग. घरी किंवा ओळखीच्या कुणाकडे लिनक्स असलेला कॉम्प्युटर असेल, तर मोठ्यांना शेजारी बसवून करून पाहा. टर्मिनल उघडा आणि लिहा 'हूॲमआय', इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता. मी कोण? कॉम्प्युटर तुमच्या खात्याचं नाव सांगेल. आता त्याच्याच आधी 'सुडू' आणि एक मोकळी जागा ठेवून पुन्हा लिहा. तो पासवर्ड विचारेल. अक्षरं पडद्यावर दिसणार नाहीत, घाबरू नका. उत्तर येईल : 'रूट'. आता तिसऱ्यांदा लिहा, सुडू न लावता. पुन्हा तुमचंच नाव.